ड्रोनला दिवा बांधून लाइट पेंटिंग: कोणतं सामान कामाचं, कोणतं नुसतं ओझं

ड्रोनखाली दिवा बांधायचा, शटर उघडं ठेवायचं आणि अंधारात रेघ ओढायची. एवढ्या कामासाठी लोक आधी कॅमेरा बदलतात, मग ड्रोन बदलतात आणि दिवा उरल्यासुरल्या पैशांत घेतात. क्रम नेमका उलटा हवा. चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा दिव्यामुळे: तो पुरेसा मंद होत नाही, त्याचा झोत भलतीकडे जातो किंवा तो दिसेल न दिसेल असा लुकलुकतो. त्याखालोखाल दोष ड्रोनच्या वेगाचा. कॅमेऱ्याचा नंबर बराच नंतर लागतो.

हे पटायला एक हिशोब पुरेसा आहे. मागच्या डोंगराचा, आकाशाचा उजेड शटर किती वेळ उघडं आहे त्यावर ठरतो. दिव्याच्या रेघेचा उजेड त्यावर ठरत नाही. दिवा सेन्सरच्या एका ठिपक्यावरून सरकून पुढे गेला की त्या ठिपक्याचं काम संपलं. पुढे शटर दहा सेकंद उघडं राहो की साठ. रेघ किती उजळ येणार हे दिव्याची ताकद, ड्रोनचा वेग, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ हे चौघे ठरवतात, जोडीला दिव्याचं अंतर. (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक, एफ/ पुढचा आकडा मोठा तितकं ते लहान; आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता). वेग ताशी नव्हे, सेकंदाला मीटरमध्ये मोजा. ३ मीटरचा ६ केला की रेघ बरोबर एक स्टॉप मंद होते, म्हणजे तिचा उजेड निम्मा होतो. अंतराचा हिशोब थोडा फसवा आहे. दूरचा बारीक दिवा दुप्पट लांब गेला तर त्याचा उजेड पाव होतो, पण तो सेन्सरवर निम्म्या वेगाने सरकतो, म्हणून रेघ निम्मीच मंद पडते. त्यामुळे आधी अ‍ॅपर्चर आणि आयएसओ रेघेसाठी ठरवा, मग पार्श्वभूमीसाठी शटरचा वेळ. उलट क्रमाने गेलात तर रात्रभर दोन्हींच्या मागे धावाल.

दिव्याला दोन वेगवेगळी कामं असतात आणि एकच दिवा दोन्ही चांगली करत नाही. पहिलं काम रेघ ओढण्याचं. इथे दिवा कॅमेऱ्याला थेट दिसायला हवा आणि सगळ्या बाजूंनी सारखा दिसायला हवा. दुसरं काम वरून ऊन पाडल्यासारखा खडक, झाड, पडका वाडा उजळण्याचं. इथे दिवा कॅमेऱ्याला अजिबात दिसता कामा नये. रूबेन वू या छायाचित्रकाराची डोंगरमाथ्यावर तरंगणाऱ्या प्रकाशाच्या रिंगची चित्रं जगभर पाहिली गेली. रिंग नसलेल्या त्याच्या चित्रांत मात्र दिवा कुठेच दिसत नाही, फक्त वरून पडलेला उजेड दिसतो. ते दुसरं काम.

उजेड पाडण्याच्या कामासाठी लुमेनचा, म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचा, आकडा खरंच महत्त्वाचा आहे. १००० लुमेनचा दिवा ६० अंशांच्या झोतात २० मीटर उंचीवरून खाली सोडला तर जमिनीवर साधारण २३ मीटर व्यासाचा गोल उजळतो आणि त्याच्या मधोमध जेमतेम ३ लक्स (जमिनीवर पडलेल्या उजेडाचं माप) पडतात. ऐकायला कमी वाटेल, पण लख्ख पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. म्हणजे हा दिवा चांदण्याच्या बारा पट झाला. एफ/४, आयएसओ ४०० ला एका जागेवर तीन-चार सेकंद ड्रोन थांबला की ती जागा व्यवस्थित उजळते. तोच ड्रोन ४० मीटरवर नेला की उजेड पाव होतो आणि तेरा-चौदा सेकंद थांबावं लागतं. बॅटरी इथेच खर्ची पडते. उंची वाढवण्याऐवजी जागा बदलत राहणं केव्हाही स्वस्त.

रेघेच्या कामासाठी मात्र लुमेनचा आकडा विसरलेला बरा. तिथे विचारायचा प्रश्न हा, की दिवा किती खाली उतरतो. निळ्या संध्याकाळी आयएसओ १००, एफ/८ ला जो दिवा पूर्ण ताकदीवर ठीक दिसतो, तोच बिनचांदण्याच्या रात्री आकाशगंगेसाठी आयएसओ ३२००, एफ/२.८ लावल्यावर आठ स्टॉप जास्त उजळ होतो. आठ स्टॉप म्हणजे २५६ पट. दिवा अर्ध्या टक्क्याच्याही खाली न्यावा लागेल. बाजारातले बहुतेक दिवे एक टक्क्याच्या खाली जात नाहीत आणि स्वस्तातले तर पंचवीसवरच थांबतात. उपाय दोन. एक, दिव्याच्या काचेवर एनडी जेल (रंग न बदलता उजेड कमी करणारा पारदर्शक कागद) चिकटवायची, १.२ ची जेल चार स्टॉप खाते, ०.६ ची दोन. दुसरा उपाय सरळ: रेघ वेगळ्या फ्रेममध्ये आयएसओ १०० ला घ्यायची, तारे वेगळ्या फ्रेममध्ये आयएसओ ३२०० ला, आणि ट्रायपॉड न हलवता दोन्ही जोडायच्या.

आता नावं घेऊन. ल्यूम क्यूब २.० हा घनाकृती दिवा वजनाने १०० ग्रॅमच्या आसपास, रंग ५६०० केल्विन (दिवसाच्या उजेडासारखा), पाण्यात चालणारा. त्याची खरी किंमत ताकदीत नाही, बारीक पायऱ्यांनी खाली उतरण्यात आहे. उजेड पाडायलाही चालतो आणि पुढे डिफ्युझर (उजेड सगळीकडे पसरवणारी टोपी) लावला तर रेघेलाही. दोन्ही कामं एकाच दिव्यावर काढायचीच असतील तर हा घ्यावा. दोष एवढाच की पूर्ण ताकदीवर त्याची बॅटरी ड्रोनच्या दोन उड्डाणांना पुरेल असं धरून चालू नये. ड्रोनच्या प्रत्येक बॅटरीबरोबर दिवाही चार्जिंगला लावायचा. लिट्रा टॉर्चची पहिली आवृत्ती ९० ग्रॅमच्या घरातली, १००, ४५० आणि ८०० लुमेन अशा तीनच पायऱ्यांची. उजेड पाडायला छान, रेघेला नाही, कारण १०० लुमेनही अंधाऱ्या रात्री फार होतात. शिवाय तिच्या तळाशी चुंबक आहे. लोखंडी खांबावर चिकटवायला ती सोय. ड्रोनच्या पोटाशी मात्र तीच अडचण, कारण कंपास बिघडला तर ड्रोन एका जागी उभा राहण्याऐवजी गोल-गोल वाहत जायला लागतो. चुंबकाने अडकवायचा कोणताही माउंट ड्रोनजवळ नकोच.

स्वतः जोडलेली एलईडी पट्टी हा तिसरा पर्याय, आणि रंगीत रेघा हव्या असतील तर हाच सगळ्यात चांगला. पट्टी निवडताना चिपचा नंबर बघा. डब्ल्यूएस२८१२बी सगळीकडे मिळते, पण तिच्या जुन्या चिप सेकंदाला सुमारे ४०० वेळा उघडझाप करतात. एपीए१०२ ची उघडझाप २० हजारांच्या आसपास आहे. तिची रेघ तुटत नाही. विजेचा हिशोबही आधीच करा: डब्ल्यूएस२८१२बी चा एक एलईडी पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअ‍ॅम्पिअरपर्यंत ओढतो. ३० एलईडींना १.८ अ‍ॅम्पिअर, म्हणजे ५ व्होल्टवर ९ वॉट. छोट्या सेलवर हे चालत नाही. सेलचा व्होल्टेज पडला की पांढरा रंग आधी पिवळट, मग लालसर होतो आणि रेघेच्या शेवटाला रंग बदललेला दिसतो. पट्टी लोंबती सोडू नका. ड्रोन वळला की ती लंबकासारखी झुलते आणि रेघ नागमोडी येते. कार्बनच्या नळीवर ताठ बांधा, नळीचा मध्य ड्रोनच्या मध्याखाली येईल अशी.

उघडझापीबद्दल जरा थांबू, कारण इथे लोक उगाच चांगला दिवा परत करतात. मंद केलेला दिवा हातात धरून कॅमेऱ्यासमोर दोन मीटरवर जोरात फिरवला तर २०० वेळा लुकलुकणाऱ्या दिव्याच्या रेघेचे तुकडे स्पष्ट दिसतात. म्हणून तो वाईट ठरत नाही. तोच दिवा ५० मीटरवर, ५ मीटर प्रतिसेकंद वेगाने जात असेल तर दोन चमकांमध्ये अडीच सेंटिमीटर अंतर पडतं. २० एमएम लेन्समधून ते सेन्सरवर एक शतांश मिलिमीटर, म्हणजे दोन पिक्सेल. दिसणार नाही. लुकलुकणं ५० पर्यंत खाली असेल तर तेच अंतर १० सेंटिमीटर होतं आणि रेघ ठिपक्यांची माळ बनते. तेव्हा चाचणी घरात नको, ड्रोन जिथून उडवणार तेवढ्या अंतरावरून करा.

डिफ्युझर म्हणून पिंगपाँगचा अर्धा कापलेला चेंडू महागड्या टोपीइतकाच चांगला चालतो. चेंडू नसेल तर दिवा एकाच दिशेला झोत टाकतो आणि वाऱ्यात ड्रोन कलला की झोतही कलतो. वेपॉइंटवर, म्हणजे आधी नेमून दिलेल्या बिंदूंवरून, उडणारा ड्रोन वेग सांभाळतो, पण वाऱ्याविरुद्ध जाताना तो जास्त झुकतो. मग रिंगचा एक अर्धा भाग ठसठशीत आणि दुसरा फिका येतो. वेग सारखा असूनही असं का झालं याचा शोध सेटिंगमध्ये घेणारे पुष्कळ. कारण झोतात असतं. उजेड पाडण्याच्या कामाला उलट करायचं: दिव्याभोवती काळ्या फॉइलची नळी गुंडाळून झोत खालीच कोंडायचा, नाहीतर लेन्समध्ये फ्लेअरचे हिरवे डाग येतात. लेन्सवरचा यूव्ही फिल्टरही रात्री काढून ठेवा. दिव्याचं भूत त्याच्याच काचेत उमटतं.

बांधणी. वेल्क्रोने दिवा हादरतो आणि दूरच्या रेघेला बारीक दातरे येतात. ड्युअल लॉक नावाची बटणांसारख्या खुंट्यांची पट्टी घट्ट बसते. त्याशिवाय एक बारीक दोरी सुरक्षेसाठी, पात्यांपर्यंत पोहोचणार नाही इतकीच लांब. खालचे सेन्सर, वाऱ्याच्या जाळ्या आणि वरची जीपीएसची जागा झाकायची नाही. स्टीलवूल पेटवून ड्रोनखाली लटकवण्याची टूम अधूनमधून डोकं काढते. ठिणग्या पात्यांच्या वाऱ्याने कुठेही जातात, कोरडं गवत पेटतं आणि बॅटरी लिथियमची असते. त्यावर अधिक लिहीत नाही.

ड्रोन

डीजेआय मिनी ४ प्रो २४९ ग्रॅमच्या आतला आहे. त्यावर १०० ग्रॅमचा दिवा म्हणजे वजनाच्या चाळीस टक्के ओझं. उडतो, पण मोटरी तापतात आणि वाऱ्यात जागेवर राहायला त्याच्याकडे ताकद उरत नाही. त्याच्यावर वीस-तीस ग्रॅमचा बटण-सेलवाला दिवाच चढवा आणि फक्त रेघा ओढा. एअर ३ चं वजन ७२० ग्रॅम. १०० ग्रॅम त्याला साधारण चौदा टक्के. मॅव्हिक ३ क्लासिक ८९५ ग्रॅमचा, त्याला अकरा टक्के. तिन्हींत वेपॉइंट आहेत. रेघ आणि उजेड दोन्ही करायचे असतील तर एअर ३ पुरे. मॅव्हिक ३ चा मोठा सेन्सर या कामाला निरुपयोगी, कारण चित्र जमिनीवरचा कॅमेरा काढतो. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. घरात जुना मॅव्हिक २ पडून असेल तर तो विकू नका. त्याच्या डीजेआय गो ४ अ‍ॅपमध्ये जीपीएसच्या जागेवरून गोल फिरता येतं. नव्या फ्लाय अ‍ॅपमधली गोल फिरण्याची सोय कॅमेऱ्याला वस्तू दिसण्यावर चालते आणि अंधारात तिला काही दिसत नाही. नव्या ड्रोनवर रिंग काढायची तर वेपॉइंटच टाकावे लागतात.

वेपॉइंट किती? दोन बिंदूंमध्ये ड्रोन सरळ जात असेल तर आठ बिंदूंच्या रिंगमध्ये कड साडेसात टक्के आत दबते. १० मीटर त्रिज्येला ७६ सेंटिमीटर, म्हणजे डोळ्याला अष्टकोनच. बारा बिंदूंना ती ३४ सेंटिमीटर होते आणि वळणं गोलसर करायची सोय चालू असेल तर गोल दिसते. सोळाच्या पुढे फायदा नाही.

रिंगचा वेळ कागदावर काढून ठेवा. १० मीटर त्रिज्येचा परीघ ६३ मीटर. ३ मीटर वेगाने २१ सेकंद. शटर २५ सेकंद. पण ड्रोन सुरुवातीला वेग पकडतो आणि शेवटी थांबतो, आणि हळू चालणारा दिवा जास्त उजळ रेघ काढतो. त्यामुळे रिंग जिथे जुळते तिथे एक फुगीर पांढरा गोळा येतो. तो टाळायला मार्ग सव्वा फेरीचा आखायचा, लेन्सपुढे काळा पुठ्ठा धरून शटर उघडायचं, ड्रोनने वेग घेतला की पुठ्ठा बाजूला करायचा आणि एक फेरी पूर्ण होताच परत धरायचा. पुठ्ठा लेन्सला टेकवायचा नाही. एवढ्या धक्क्यानेही तारे दुहेरी येतात.

जुळणी तरीही चुकते आणि त्यात चूक कोणाची नसते. दिवसा ड्रोन जमिनीकडे बघून दहा-तीस सेंटिमीटरमध्ये उभा राहतो. रात्री तो सेन्सर आंधळा होतो आणि उरतं फक्त जीपीएस. मॅव्हिक २ च्या माहितीपत्रकात ते आडवं दीड मीटर आणि उभं अर्धा मीटर इकडेतिकडे दिलं आहे. रिंगची टोकं अर्धा मीटर वरखाली झाली तर लहान रिंगमध्ये ते लगेच डोळ्यांत खुपतं, मोठ्या रिंगमध्ये विरतं. पाच मीटरच्या आतल्या त्रिज्येचा हट्ट म्हणूनच धरू नये.

आणखी एक फसगत आकाराची. आडवी रिंग खालून गोल दिसत नाही, चपटी दिसते. कॅमेऱ्यापासून १०० मीटर लांब आणि ३० मीटर उंच असेल तर ती १७ अंशांवर येते आणि तिची उंची रुंदीच्या तीस टक्क्यांहून कमी दिसते. माथ्यावर तबकडी टेकवल्यासारखी हवी असेल तर हे छानच. पूर्ण गोल हवा असेल तर कॅमेरा जवळ आणून वर रोखा.

आखलेला मार्ग दिवसा एकदा दिव्याशिवाय उडवून बघणं ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. झाडाची फांदी आणि विजेची तार रात्री ड्रोनला दिसत नाही; समोरचे सेन्सरही अंधारात काम करत नाहीत. घरी परतण्याची उंची सगळ्यात उंच झाडाच्या वर ठेवा. रात्री उड्डाण दिवसाच्याच जागेवरून करा, कारण उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते. दोन मीटर उंच दगडावरून उडवलात तर अख्खी रिंग दोन मीटर वर जाते. ड्रोनच्या हातांवरचे पुढचे दिवे अ‍ॅपमधून बंद होतात. मागचे सहसा होत नाहीत, त्यांवर काळी गॅफर टेप लावा. पण लुकलुकणारा इशारादिवा जिथे नियमाने बंधनकारक आहे तिथे तो झाकायचा नाही. तो ठिपक्यांची माळ सोडतो. ती नंतर पुसता येते.

कॅमेरा

सूर्य मावळून अर्धा-पाऊण तास झाला की आयएसओ १००, एफ/५.६ ते एफ/८ आणि ३० सेकंदांपासून सुरुवात. पौर्णिमेला आयएसओ ४००, एफ/४, ३० सेकंद. चंद्र नसताना आयएसओ ३२००, एफ/२.८, २० सेकंद, आणि वर सांगितल्याप्रमाणे रेघेची फ्रेम वेगळी. ताऱ्यांच्या शेपट्या नको असतील तर शटरचे सेकंद म्हणजे ५०० भागिले लेन्सची फोकल लांबी (एमएममध्ये) हा जुना नियम आजच्या सेन्सरवर सैल पडतो. ३०० ने भागा. २० एमएमला पंधरा सेकंद. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर नको, नाहीतर प्रत्येक फ्रेमचं आकाश वेगळ्या रंगाचं येऊन जोडताना शिवण दिसते. ४००० ते ४५०० केल्विनला ठेवलं की आकाश निळं राहतं आणि दिवा थोडा थंड दिसतो. रॉ मध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

फोकस हाताने. ड्रोन ५० मीटरच्या पुढे उभा करा, दिवा चालू करा, स्क्रीनवर दहा पट मोठं करून तो ठिपका सगळ्यात बारीक होईपर्यंत लेन्सची फोकस रिंग फिरवा आणि टेप लावा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शनही बंद, कारण तीस सेकंदांच्या फ्रेमनंतर कॅमेरा आणखी तीस सेकंद काळी फ्रेम घेत बसतो आणि वर ड्रोनची बॅटरी संपत असते. त्याऐवजी शेवटी झाकण लावून तेवढ्याच वेळेच्या दोन काळ्या फ्रेम घ्या. डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर झाका. मागून टॉर्चचा उजेड आत शिरतो.

बॉडींमध्ये ऑलिम्पस आणि ओएम सिस्टमचं लाइव्ह कंपोझिट या कामात सगळ्यांच्या पुढे आहे. पहिली फ्रेम पार्श्वभूमीची, त्यानंतर फक्त जास्त उजळ झालेले पिक्सेल जोडले जातात. आकाश पांढरं पडत नाही आणि रेघ स्क्रीनवर वाढताना दिसते. रिंग चुकली तर तिथेच कळतं, अर्धी बॅटरी वाचते. सेन्सर लहान आहे, ताऱ्यांच्या रात्री तो फुल फ्रेमच्या मागे पडतो, संध्याकाळी नाही. निकॉनच्या झेड ६-२ आणि झेड ७-२ मध्ये शटर मॅन्युअलमध्ये ९०० सेकंदांपर्यंत जातं, म्हणून वेगळा टायमर लागत नाही. कॅननच्या ५डी मार्क ४ मध्ये बल्ब टायमर (शटर हवा तितका वेळ उघडं ठेवणारी सोय) आतच आहे. बाकी कोणत्याही बॉडीला वायरचा इंटरव्हॅलोमीटर (शटरची वेळ सांभाळणारा रिमोट) जोडला की काम भागतं. ब्लूटूथचा रिमोट फोनवर असेल आणि तोच फोन ड्रोन उडवत असेल तर मात्र गोंधळ ठरलेला. दोन्ही अ‍ॅप एकाच पडद्यावर ठेवू नका.

ट्रायपॉड जड हवा, पण मधला दांडा वर काढलात तर जडपणाचा उपयोग शून्य. पिशवी लोंबती अडकवू नका, ती वाऱ्याने झुलते. जमिनीला टेकेल इतकी खाली आणा. शेवटची वस्तू छोटी आहे आणि तिच्यावाचून अख्खी रात्र वाया जाते: लेन्सला गुंडाळायचा यूएसबीवरचा गरम पट्टा. दव पडायला लागलं की रेघांभोवती मऊ धूसर प्रभा दिसते. पाहणाऱ्याला ती धुक्यासारखी सुंदर वाटते, आणि घरी मोठ्या पडद्यावर कळतं की तासाभराच्या सगळ्या फ्रेम ओल्या काचेतून काढल्या होत्या.